टेकडी, वारा आणि मानेचा तिसरा मणका

9 ऑगस्ट 1896. रविवार होता. बर्लिनच्या वायव्येला रिनो गावाजवळच्या टेकड्यांवर छान ऊन पडलं होतं आणि उकाडाही फारसा नव्हता. श्टोल्न गावाला लागून असलेल्या गोलेनबर्ग टेकडीवर अठ्ठेचाळीस वर्षांचा एक कारखानदार विलोच्या काठ्या आणि सुती कापड यांचे पंख अंगाला अडकवून उभा होता. सोबतीला त्याचा मेकॅनिक पॉल बायलिश होता. दिवसाची सुरुवात चांगली झाली. वाऱ्याला तोंड करून तो उतारावर चार पावलं धावला, पाय जमिनीवरून सुटले आणि तो अडीचशे मीटर तरंगत जाऊन खाली उतरला. मग पंख पुन्हा टेकडीवर नेले गेले आणि पुन्हा उड्डाण झालं. पुढच्या एका उड्डाणात मात्र वारा बदलला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या एका रुग्णालयात त्या माणसाचा मृत्यू झाला.

त्याचं नाव ऑटो लिलिएन्थाल. विमानविद्येच्या इतिहासात राइट बंधूंच्या आधीच्या प्रकरणाचा तो नायक आहे. हवेपेक्षा जड साधन घेऊन पुन्हा पुन्हा, ठरवून, अभ्यास करत उडणारा आणि ते उड्डाण छायाचित्रांतून जगाला दाखवणारा तो पहिला माणूस. आज डोंगरावरून हँग ग्लायडर घेऊन झेपावणारा प्रत्येक जण त्याच्याच वाटेनं जातो. तरीही त्याच्या शेवटच्या दिवसाबद्दलचे दोन प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चेत राहिले. तो पडला कशामुळे आणि मेला कशामुळे? पहिला प्रश्न वाऱ्याचा आहे, दुसरा वैद्यकाचा.

ऑटोचा जन्म 23 मे 1848 रोजी प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातल्या आंक्लाम या छोट्या गावात झाला. वडील कापडाचे व्यापारी, आई गाणं शिकलेली. घरात आठ मुलं जन्माला आली, पण मोठी झाली ती तीनच: ऑटो, त्याच्यापेक्षा वर्षानं लहान गुस्ताव आणि बहीण मारी. त्या काळच्या युरोपातही बालमृत्यूचं प्रमाण असं होतं. अमेरिकेला जाऊन नशीब काढायचं असं वडिलांनी ठरवलं होतं, पण त्याआधीच, 1861 मध्ये ते वारले. तिन्ही मुलांना आईनं एकटीनं वाढवलं, शिकवलं.

आंक्लामच्या भोवती ओलसर कुरणं होती आणि त्या कुरणांत पांढरे करकोचे उतरत. दोघे भाऊ तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसत. एवढा मोठा, जड पक्षी पंख न फडफडवता हवेत राहतो कसा, हे कोडं त्यांना पडलं. करकोचा जमिनीवरून उठताना नेहमी वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून धावतो, हेही त्यांनी टिपलं. 1862 मध्ये, ऑटो चौदा वर्षांचा असताना, दोघांनी लाकडी पट्ट्यांचे पंख करून हातांना बांधले आणि उतारावरून धावून पाहिलं. वर्गातली मुलं हसतील म्हणून हे प्रयोग रात्री चालत. पंख उडाले नाहीत, पण वाऱ्याकडे तोंड करून धावायचं हा करकोच्याचा धडा ऑटोनं आयुष्यभर पाळला.

पुढे पोट्सडामची तंत्रशाळा, बर्लिनमधल्या यंत्रकारखान्यात उमेदवारी आणि मग बर्लिनच्या तंत्र अकादमीत अभियांत्रिकीचं शिक्षण झालं. 1870 मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झालं आणि तो सैन्यात गेला. पॅरिसच्या वेढ्यात तो होता. परतल्यावर त्यानं भावासोबत पुन्हा उड्डाणाचा विषय हाती घेतला. या वेळी पंख बांधून धावण्याऐवजी त्यांनी मोजमापं घ्यायला सुरुवात केली. उभ्या खांबाभोवती फिरणारा आडवा दांडा केला, त्याच्या टोकाला वेगवेगळ्या आकाराचे छोटे पंख बसवले आणि कोणत्या कोनात किती उचल मिळते, किती अडथळा होतो, ते वजनं लावून मोजलं. सपाट फळीपेक्षा किंचित बाक असलेला, म्हणजे पक्ष्याच्या पंखासारखा वर फुगीर आणि खाली खोलगट पंख कितीतरी जास्त उचल देतो, हे त्याच्या आकड्यांतून स्पष्ट झालं. आज प्रत्येक विमानाच्या पंखाला जो बाक दिसतो, त्यामागचं हे पहिलं व्यवस्थित मोजमाप होतं.

हे सारं संसार सांभाळून चाललं होतं. 1878 मध्ये त्याचं आग्नेस फिशर या खाणकामगाराच्या मुलीशी लग्न झालं. त्यांना चार मुलं झाली. बर्लिनमध्ये त्यानं बॉयलर आणि वाफेची इंजिनं बनवण्याचा कारखाना काढला. त्या काळी बॉयलर फुटून माणसं मरणं नेहमीचं होतं. लिलिएन्थालचा बॉयलर वेटोळ्या नळ्यांचा होता, त्यात एका वेळी पाणी थोडं असे, त्यामुळे स्फोटाचा धोका कमी होई आणि छोट्या कारागिरालाही तो वापरता येई. 1890 पासून कारखान्याच्या नफ्यातला पंचवीस टक्के वाटा तो कामगारांना देत असे. नाटकाचाही त्याला नाद होता. बर्लिनच्या एका नाट्यगृहात त्यानं पैसे घातले, तिकिटं गरिबांना परवडतील अशी ठेवली आणि स्वतः छोट्या भूमिकाही केल्या. माणसाला उडता आलं तर देशांच्या सीमांना अर्थ उरणार नाही आणि युद्धं थांबतील, असा त्याचा भाबडा म्हणावा असा विश्वास होता.

1889 मध्ये त्यानं आपले निष्कर्ष पुस्तकात मांडले. पक्ष्यांचं उड्डाण हाच उड्डाणकलेचा पाया, असा त्या पुस्तकाचा विषय होता. पदरमोड करून एक हजार प्रती छापल्या, पण त्याच्या हयातीत तीनशेसुद्धा खपल्या नाहीत. ज्या थोड्यांनी पुस्तक वाचलं, त्यांनी मात्र पुढे इतिहास घडवला.

कागदावरचे आकडे पुरेसे नाहीत, हे लिलिएन्थालला कळत होतं. सायकल कशी चालते याचं गणित येणारा माणूस सायकल चालवू शकेलच असं नाही. हवेत तोल सांभाळणं हे शरीराचं काम आहे आणि शरीर ते सरावानंच शिकतं, अशी त्याची धारणा होती. त्यानं सराव पायरीपायरीनं वाढवला. आधी बागेतल्या फळीवरून उड्या मारल्या. 1891 मध्ये पोट्सडामजवळच्या डेर्वित्स गावच्या उतारावरून सुमारे 25 मीटर अंतर कापलं. 1893 मध्ये रिनो टेकड्यांवरून तेच अंतर 250 मीटरपर्यंत गेलं. 1894 मध्ये त्यानं बर्लिनच्या लिष्टरफेल्ड भागात, घरापासून जवळच, पंधरा मीटर उंचीची शंकूसारखी कृत्रिम टेकडी उभारली. शंकूसारखी का? वारा कोणत्याही दिशेनं आला तरी त्याच्याकडे तोंड करून उतरता यावं म्हणून. बदलत्या वाऱ्यावर माणसानं काढलेला तो साधा तोडगा होता.

त्याच्या यंत्राला सुकाणू नव्हतं, दोऱ्या-कप्प्या नव्हत्या. सांगाड्यातल्या आधारांत दोन्ही बाहू अडकवायचे आणि छातीपासून खालचं शरीर मोकळं लोंबकळत ठेवायचं. तेच त्याचं सुकाणू. पाय पुढे नेले की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि ग्लायडरचं नाक खाली जातं. पाय मागे नेले की नाक वर येतं. डावा पंख वर उचलला गेला तर पाय डावीकडे झोकून तो खाली आणायचा.

ऐकायला सोपं वाटणाऱ्या या गोष्टीत शरीरशास्त्राची एक मोठी अडचण आहे. आपला तोल तीन ठिकाणांहून आलेल्या माहितीवर चालतो: डोळे, स्नायू-सांध्यांतल्या संवेदना आणि आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका. या नलिकांचं काम काय, याचा उलगडा माख आणि ब्रॉयर यांनी 1870 च्या दशकातच केला होता. जमिनीवर आपण उजवीकडे कललो की हे सगळं मिळून उजवा पाय त्याच बाजूला टाकायला लावतं, कारण तिथे आधाराला जमीन असते. हवेत उजवीकडे कललं, तर पाय डावीकडे, वर गेलेल्या पंखाकडे टाकावे लागतात. म्हणजे मूल चालायला लागल्यापासून पक्की झालेली सवय मोडून तिच्या उलट सवय लावायची, तीही इतकी पक्की की विचार करायला वेळ लागू नये. लिलिएन्थालनं दोन हजारांहून अधिक उड्डाणं केली असा अंदाज आहे. एकेक उड्डाण काही सेकंदांचं, त्यामुळे हवेतला सगळा वेळ मिळून जेमतेम पाच तास भरतो. एवढ्या वेळात त्यानं आपल्या शरीराला नवी भाषा शिकवली. जोराच्या वाऱ्यात तो कधी कधी एकाच जागी स्थिर तरंगत राही आणि खाली उभ्या छायाचित्रकाराला ओरडून सूचना देई.

त्या छायाचित्रांनीच त्याला जगभर पोचवलं. त्याचे फोटो काढणाऱ्यांत ओटोमार आन्शुट्स हा नामवंत छायाचित्रकार होता आणि रिशार्ड नॉयहाउस हा बर्लिनचा एक डॉक्टरही. उडणारा माणूस थट्टेचा विषय न राहता पुराव्याचा झाला. रविवारी टेकडीवर बघ्यांची गर्दी होऊ लागली. त्याचा एक ग्लायडर तर मागणीनुसार तयार होऊन पाचशे मार्कांना विकला जाऊ लागला. निदान नऊ तरी विकले गेले. एक मॉस्कोत झुकोव्स्की या हवागतीच्या अभ्यासकाकडे गेला, एक इंग्लंडमध्ये पर्सी पिल्चर या तरुण अभियंत्याकडे.

धोक्याची जाणीव त्याला नव्हती असं मुळीच नाही. 1894 मध्ये ग्लायडर नाकावर आपटून तो मरता मरता वाचला. पुढच्या बाजूला त्यानं विलोच्या फांदीची लवचीक कमान बसवली होती, तिनंच त्याला वाचवलं. आपटलं तर धक्का आधी तिनं खायचा. हेल्मेट आणि एअरबॅग ज्या तत्त्वावर काम करतात तेच हे तत्त्व: धक्का टाळता येत नसेल तर त्याचा वेळ वाढवा, म्हणजे शरीरावरचा जोर कमी होतो.

पण यंत्राची मूळ मर्यादा होतीच. बाहू सांगाड्यात अडकलेले असल्यामुळे गुरुत्वमध्य फार थोडा हलवता येई. नाक खाली वळलं आणि यंत्र जमिनीच्या दिशेनं सुटलं की पाय मागे झोकून ते वर काढणं जवळजवळ अशक्य होई. विसाव्या शतकातल्या हँग ग्लायडरमध्ये वैमानिक पट्ट्यानं मधोमध टांगलेला असतो आणि समोरची दांडी ढकलून-ओढून अख्खं शरीर पुढेमागे नेतो. तो फरक इथेच आहे.

आता त्या रविवारकडे वळू. ऑगस्टचं ऊन जमिनीवर सगळीकडे सारखं पडतं, पण जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. उघडी वाळू लवकर तापते, गवत-झाडी उशिरा. तापलेल्या तुकड्यावरची हवा हलकी होऊन फुग्यासारखी सुटते आणि वर चढते. आपल्याकडे भर दुपारी घार पंख न हलवता घिरट्या घालत वर वर जाते, ती याच चढत्या हवेच्या जोरावर. घारीला हे वरदान असतं. पंखांची आणि शेपटीची ठेवण ती क्षणाक्षणाला बदलते. विलोच्या काठ्यांच्या पंखांना ते जमत नाही.

अशा चढत्या हवेत पंख अचानक शिरला की वारा समोरून यायचा तो किंचित खालून येतो. पंख आणि वारा यांच्यातला कोन एकदम वाढतो. ठरावीक मर्यादेपर्यंत कोन वाढला तर उचल वाढते, त्यापुढे मात्र पंखावरून सुरळीत वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून विस्कटते आणि उचल कोसळते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. बायलिशनं खालून पाहिलं ते याच्याशी जुळतं. ग्लायडर हवेत जणू थबकला. लिलिएन्थालनं पाय झोकून नाक खाली आणण्याची धडपड केली. मग ग्लायडर पुढच्या बाजूनं जमिनीकडे झेपावला. स्टॉलमधून बाहेर यायला वेग हवा आणि वेग मिळवायला उंची हवी. उंची होती सुमारे पंधरा मीटर. साधी वस्तू एवढ्या उंचीवरून सोडली तर जमिनीवर यायला पावणेदोन सेकंद लागतात. पंखांमुळे थोडा जास्त वेळ मिळाला असेल, पण सावरण्याइतका नाही.

यंत्रातच काही दोष होता का, हा प्रश्न पुढे अनेकदा विचारला गेला. काही वर्षांपूर्वी जर्मनीच्या हवाई आणि अवकाश संशोधन केंद्रानं त्याच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती वातबोगद्यात तपासली. नेहमीच्या उड्डाणात तो ग्लायडर स्थिर राहणारा होता, असं त्यातून दिसलं. रचना चुकीची नव्हती. झोत आला, स्टॉल झाला आणि सावरायला उंची नव्हती.

बायलिश धावत पोचला तेव्हा लिलिएन्थाल जिवंत होता. काही वेळ तो बोलतही होता. घोडागाडीतून त्याला श्टोल्न गावात नेलं. तिथे डॉक्टरनं तपासलं. निदान झालं ते मानेच्या तिसऱ्या मणक्याच्या अस्थिभंगाचं. त्यानंतर त्याची शुद्ध हरपत गेली. पुढे मालगाडीतून त्याला बर्लिनच्या लेर्टर स्थानकावर आणि तिथून अर्न्स्ट फॉन बर्गमान या युरोपातल्या अग्रगण्य सर्जनच्या रुग्णालयात नेण्यात आलं. 10 ऑगस्टला तिथेच तो गेला. मृत्यूचं कारण म्हणून मानेचा मणका इतिहासात कायम झाला आणि बहुतेक चरित्रांत आजही तेच आढळतं.

आता वैद्यकाच्या नजरेनं पाहू. मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. श्वासपटल हलवणारी नस मज्जारज्जूच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीतून निघते. तिसऱ्या मणक्यापाशी मज्जारज्जू पूर्ण तुटला तर हातपाय तर जातातच, शिवाय श्वास जवळजवळ बंद पडतो. आज अशा रुग्णाला व्हेंटिलेटर वाचवतो. 1896 मध्ये व्हेंटिलेटर नव्हता. असा रुग्ण काही मिनिटांत दगावला असता. लिलिएन्थाल मात्र बोलला, गाडीतला प्रवास त्यानं सोसला, दुसऱ्या दिवसापर्यंत श्वास घेत राहिला. म्हणजे मणका मोडला असला तरी मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नसावा.

दुसरा मुद्दा शुद्धीचा. जागेपण हे मेंदूचं काम आहे, मज्जारज्जूचं नाही. केवळ मान मोडली म्हणून माणूस बेशुद्ध होत नाही. मान मोडलेले कितीतरी रुग्ण हातपाय हलत नसताना पूर्ण शुद्धीवर असतात आणि हेच त्यांच्या नातेवाइकांना पाहवत नाही. आधी बोलणारा माणूस काही वेळानं हळूहळू गुंगीत जातो, तेव्हा डॉक्टरच्या मनात पहिली शंका येते ती डोक्यातल्या रक्तस्रावाची. कवटीच्या आत रक्तवाहिनी फाटली की सुरुवातीला काहीच जाणवत नाही. रक्त साचत जातं, कवटी हाडाची असल्यामुळे त्याला बाहेर जायला जागा नसते आणि दाब मेंदूवर येतो. मधला तो बरा वाटणारा काळ फसवा असतो. जर्मन वैद्यकीय अभ्यासकांनी 2008 मध्ये हवाई आणि अवकाश वैद्यकाच्या नियतकालिकात उपलब्ध नोंदी तपासून हाच निष्कर्ष मांडला: लिलिएन्थालच्या मृत्यूचं अधिक संभाव्य कारण डोक्यातला रक्तस्राव हे आहे.

दुसरी शक्यता पूर्ण खोडता येत नाही. अर्धवट इजा झालेला मज्जारज्जू तासागणिक सुजतो, श्वास उथळ होत जातो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्यामुळेही गुंगी येऊ शकते. दोन्ही इजा एकाच वेळी झाल्या असण्याचीही शक्यता आहे. उंचावरून पडलेल्या माणसात डोकं आणि मान यांना एकत्र मार लागणं नेहमीचं आहे. म्हणून आजही अपघात विभागात नियम असा आहे की डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या प्रत्येक रुग्णाची मान, तपासून खात्री होईपर्यंत, मोडलेली आहे असंच धरायचं.

काळाचा विचित्र योगायोग असा, की राँटगेननं क्ष-किरणांचा शोध त्याआधी जेमतेम नऊ महिने, नोव्हेंबर 1895 मध्ये लावला होता. हाताची हाडं दिसू लागली होती, पण खेड्यातल्या डॉक्टरला मानेचा फोटो मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आणि डोक्यातलं रक्त साध्या क्ष-किरणांत दिसतही नाही, त्यासाठी सीटी स्कॅन यायला 1970 चं दशक उजाडलं. दुसरा योगायोग त्याहून चटका लावणारा आहे. ज्या बर्गमानच्या रुग्णालयात त्याला नेलं, त्यानं मेंदूच्या विकारांवरील शस्त्रक्रियेवर 1888 मध्ये ग्रंथ लिहिला होता आणि शस्त्रक्रियेची साधनं-पट्ट्या वाफेनं निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ केली होती. कवटीला भोक पाडून रक्त काढणारे हात तिथे होते. पण रुग्ण तिथे पोचला तो दुसऱ्या दिवशी. डोक्यातला रक्तस्राव एवढी सवड देत नाही.

हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा हिशेब आज आपल्याला का लागू पडतो? हँग ग्लायडरवरून पडणारे आपल्याकडे विरळा. पण नारळाच्या, आंब्याच्या झाडावरून, बांधकामाच्या परातीवरून, गच्चीवरून, चालत्या मोटरसायकलवरून पडणारे रोजच रुग्णालयात येतात. पडलेल्या माणसाला दोघांनी हातपाय धरून उचलायचं, रिक्षात बसवायचं आणि तोंडात पाणी घालायचं, ही आपली रीत. यातली प्रत्येक गोष्ट मान मोडलेल्या रुग्णाला घातक ठरू शकते. अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू उचलताना मान वाकली की पूर्ण जातो. म्हणून आग, पाणी, वाहतूक असा तातडीचा धोका नसेल तर जखमीला जागेवरच राहू द्यावं. एकानं डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आणि मान सरळ रेषेत धरून ठेवावी. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलवावंच लागलं तर डोकं, मान आणि धड एकदम, ओंडका वळवतात तसं, तीन-चार जणांनी वळवून फळीवर घ्यावं. तोंडानं काही देऊ नये. श्वास चालू आहे ना, हे मात्र सतत बघत राहावं. श्वास थांबला, तर मानेची भीती बाजूला ठेवून आधी श्वास महत्त्वाचा.

आणि दुसरं, डोक्याला मार लागूनही जो बोलतोय, हसतोय, त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये. पुन्हा पुन्हा उलट्या होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, नेहमीपेक्षा जास्त झोप येणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट न बघता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं. अशा प्रसंगी बरं वाटण्यावर भरवसा ठेवण्याची किंमत फार मोठी असू शकते.

लिलिएन्थालच्या मृत्यूची बातमी अमेरिकेत डेटन गावच्या दोन सायकलदुकानदार भावांपर्यंत पोचली. त्याच वर्षी त्यातला धाकटा, ऑर्व्हिल राइट, विषमज्वरानं कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला होता. थोरला विल्बर उड्डाणाचा गंभीरपणे विचार करू लागला तो या बातमीनंतर. लिलिएन्थालचे तक्ते त्यांनी वापरले, पुढे स्वतःच्या वातबोगद्यात पुन्हा तपासले. त्याच्या मरणातून त्यांनी दोन गोष्टी घेतल्या. एक म्हणजे शरीराचं वजन सरकवून यंत्र ताब्यात ठेवणं पुरेसं नाही, पंखच वळवता आले पाहिजेत. दुसरी म्हणजे नाक अचानक खाली जाऊन माणूस मरतो, म्हणून त्यांनी वर-खाली नेणारं सुकाणू मागे न ठेवता पुढे बसवलं. मधल्या काळात इंग्लंडमध्ये पर्सी पिल्चरही 1899 मध्ये ग्लायडर मोडून पडला आणि दोन दिवसांनी वारला. 1903 मध्ये राइट बंधू इंजिनाच्या बळावर उडाले. विल्बरनं पुढे लिलिएन्थालला आपल्या पूर्वसूरींत सर्वांत थोर मानलं. हवेतल्या सगळ्या धोक्यांतून सुटलेला विल्बर 1912 मध्ये गेला तो विषमज्वरानं.

गोलेनबर्गच्या पायथ्याशी आज एक प्रचंड प्रवासी जेट विमान उभं आहे. सोव्हिएत बनावटीचं इल्युशिन-62. ऑक्टोबर 1989 मध्ये पूर्व जर्मनीच्या वैमानिकांनी ते मुद्दाम तिथल्या गवताळ धावपट्टीवर उतरवलं, लिलिएन्थालच्या स्मरणार्थ. धावपट्टी एक किलोमीटरचीही नव्हती. विमान सुखरूप उतरलं आणि कायमचं तिथेच राहिलं. आत आता छोटं संग्रहालय आहे आणि लोक तिथे लग्नाची नोंदणीही करतात. विमानाला नाव दिलं आहे ते मात्र ऑटोचं नाही. त्या रविवारनंतर चार मुलं घेऊन मागे राहिलेल्या त्याच्या बायकोचं आहे: लेडी आग्नेस.